जुन्या रायफलचं हँडगार्ड खुळखुळतंय, बदलू की दुरुस्त करू?

ओहायोतला_मिरजकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथं फौजेतले आणि हत्यारांतले जाणकार आहेत म्हणून विचारतो.

माझ्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची २ए१ रायफल आहे, ली-एनफील्ड घराण्यातली, १९६७ ची. सहा वर्षांपूर्वी इथल्या एका गन शोमध्ये टेबलावर पडलेली दिसली. बटाच्या वरच्या लोखंडावर अशोकस्तंभाचे सिंह आणि खाली 'आर. एफ. आय.' (रायफल फॅक्टरी ईशापूर) बघितलं, आणि किंमत विचारायच्या आधीच पाकिटाला हात गेला. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, बाबांनी सांगलीला कॉलेजात एनसीसी केली. घरात रायफल कधीच नव्हती, पण रायफलच्या गोष्टी ढीगभर होत्या. आता इथं कागदपत्रं रीतसर आहेत, रेंजवर महिन्या-दोन महिन्यांतून जातो.

दुखणं असं: बॅरलवरचं मागचं हँडगार्ड, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साइटला वेढून बसतो तो लाकडाचा तुकडा, सैल झालाय. रायफल नुसती हलवली तरी वाटाणे भरलेल्या डब्यासारखा आवाज येतो. गेल्या महिन्यात पंधरा-वीस राउंड झाल्यावर बघतो तर तुकडा चक्क वर उचललेला. दाबला की बसतो, पण परत सुटतो. सध्या इन्सुलेशन टेप गुंडाळलीय. हसू नका.

एका ऑनलाइन दुकानातून 'ली-एनफील्डसाठी मागचं हँडगार्ड' मागवलं. आलेला तुकडा माझ्यापेक्षा लांब आणि साइटसाठी खाचच नाही! फोन केला तर म्हणाले, पाकीट उघडलंय, परत घेणार नाही. चाळीस डॉलर पाण्यात.

तर प्रश्न तीन. दुरुस्ती करू की नवीन बसवू? नवीन नेमकं कुठलं मागवू? आणि काढताना अख्खं पुढचं लाकूड उतरवावं लागतं का? मी पेशानं डेटाबेसवाला आहे. पेचकस धरता येतो, एवढंच.

---

बेळगावी_कुंदा

एम-सील लावा. आमच्याकडे टाकीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं त्यावरच उभं आहे.

---

निवृत्त_आर्मोरर_कोरेगाव

वरच्या भावानं गमतीनं लिहिलंय हे कळतं, पण कोणी खरंच लावेल म्हणून आधीच सांगतो: बॅरल आणि लाकूड यांच्या मध्ये काहीही भरायचं नाही. एम-सील नाही, फेव्हिकॉल नाही, कागदाची घडी नाही, सायकलच्या ट्यूबचा तुकडा तर अजिबात नाही. दहा राउंडनंतर बॅरलला हात लावून बघा म्हणजे कळेल का. शिवाय असं काही भरलं की त्यात ओल धरते आणि गंज वरून दिसतच नाही. ती टेपही आज काढा.

मिरजकर, मी बावीस वर्षं आर्मोरर, म्हणजे फौजेतली हत्यारं दुरुस्त करणारा होतो. जुन्या .३०३ ली-एनफील्डवर हात बसला, पुढं बाकी सगळं आलं. तुमची २ए१ ही .३०३ कापून केलेली नाही, ७.६२ च्या गोळीसाठी ईशापुरात नवीनच बनवलेली आहे. पण अंग सगळं जुन्या नंबर १ मार्क ३ चंच. तुम्हाला जे आलं ते नंबर ४ चं हँडगार्ड. नंबर ४ ची साइट मागं, बॉडीवर असते, म्हणून त्याला खाच नाही. दोन्हींना ली-एनफील्डच म्हणतात, दुकानदाराला तेवढंच पुरतं. मागवताना 'नंबर १ मार्क ३, मागचं, क्लिपसकट' असं लिहून मागवा आणि आतल्या बाजूचा फोटो मागा. आतला फोटो देत नसेल तर पुढचं दुकान बघा.

आता सैल का होतं ते. मागचा तुकडा कुठल्याही स्क्रूनं धरलेला नसतो. आत स्प्रिंगच्या पत्र्याची क्लिप रिवेटनं ठोकलेली असते, ती बॅरलला चिमटा घेते. बास, तेवढ्यावर सगळं. पुढच्या लांब तुकड्याला लोखंडी पट्टा आणि नोजकॅप (तोंडाजवळची लोखंडी टोपी) धरून ठेवतात, मागच्याला फक्त ही क्लिप. तेव्हा तीनच जागा बघायच्या: क्लिप फाकलीय, रिवेट हलताहेत, नाहीतर लाकूड सुकून आक्रसलंय. तुमच्या ओहायोत थंडीत घरात हीटर चालतो ना? मग तिन्ही एकदम असू शकतं.

काढायची रीत. मॅगझिन काढा, बोल्ट मागं ओढा, चेंबरमध्ये करंगळी घालून बघा. रिकामी आहे हे माहीत असलं तरी बघा. मग साइटची पट्टी उभी करा. साइटच्या दोन बाजूंना लाकडाचे जे पातळ कान येतात, त्यांना हात लावायचा नाही. क्लिप जिथं आहे तिथं, जाड लाकडाला दोन्ही अंगठे लावून सरळ वर. डावी-उजवी हिसकाहिसकी केली की कान गेलाच. साइटजवळचं लोखंडी कवच अडत असेल तर त्याचा आडवा स्क्रू काढा. पुढचं अख्खं लाकूड उतरवायची काही गरज नाही.

आणि उत्साहाच्या भरात बटाचा लांब बोल्ट फिरवू नका. पुढचं लाकूड जागेवर असताना तो फिरवला तर त्याचं चौकोनी टोक आतल्या पट्टीत अडकतं आणि लाकूड आतून चिरतं. मी माझ्या पहिल्याच वर्षी चिरलंय. उस्तादांनी नंतर महिनाभर मला फक्त चिंद्या कापायला बसवलं होतं. पुलथ्रूच्या, म्हणजे बॅरल साफ करायच्या दोरीच्या चिंद्या, चार बाय दोन इंच. आजही डोळे मिटून कापून देईन.

आवाजाबद्दल एक सांगायचं राहिलं. परेडच्या आदल्या दिवशी पोरं कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात येऊन मुद्दाम पट्ट्याचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करायची. 'सलामी शस्त्र'ला हात मारला की ठाप्पकन आवाज यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच पन्नास रायफली मी परत आवळत बसायचो. तेव्हा आवाज नेमका कुठल्या तुकड्याचा येतोय ते आधी बघा. एका हातानं पुढचा दाबून हलवा, मग मागचा दाबून हलवा.

---

मेलबर्नचा_अण्णा

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझी इथल्या ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याची नंबर १ मार्क ३ आहे, १९४२ ची. लिथगोच्या कारखान्यानं युद्धात अक्रोड सोडून इथलं कोचवुड वापरलं. हलकं आणि ठिसूळ. पुढच्या लाकडात धक्का खायला तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या, यातच काय ते आलं. माझ्या हँडगार्डचा कान मी घेतली तेव्हाच तुटलेला होता.

नवीन बनावटीचा तुकडा घेतलात तर तो जरा जाडच येईल हे धरून चाला. जाड ते घासता येतं, पातळ झालं की संपलं. मी सँडपेपर थेट बोटानं लावला आणि खड्डे पाडले. एका गोल दांडक्याला गुंडाळून घासा.

इथं आमच्याकडे बोल्ट रायफलला बी वर्गाचं लायसन्स, तिजोरी, सगळं काटेकोर आहे. तुमच्याकडे गन शोमध्ये टेबलावर पडलेली रायफल, हे वाचून मला अजून गंमत वाटते.

---

ओहायोतला_मिरजकर

काका, अण्णा, मनापासून आभार. शनिवारी केलं. अहवाल देतो, त्यातला पहिला भाग कबुलीजबाब आहे.

आवाज मागच्याचाच होता. साइट उभी केली, अंगठे लावले, सरळ वर ओढलं, हलेना. मग जरासं, खरंच जरासं, उजवीकडे वळवलं. 'टक्'. उजवा कान हातात. काका, तुमचं वाक्य फोनवर उघडं होतं, समोर.

खाली बॅरलवर घट्ट झालेली जुनी ग्रीस, काळी-तपकिरी, नखानं खरवडली तर गुळाच्या ढेपेसारखी निघते. साइटच्या पुढं एका बाजूला करंगळीच्या नखाएवढा गंजाचा डाग. तेल आणि बारीक स्टील वुलनं साफ केला, खाली दोन-तीन खड्डे आहेत पण उथळ. टेप त्याच्याच वर होती, हे सांगायला लाज वाटते.

क्लिपचं म्हणाल तर एका बाजूचं रिवेट पूर्ण मोकळं, बोटानं गोल फिरतंय. क्लिप पण फाकलेली आहे.

आता खरी गोष्ट. तुटलेला कान जोडायला म्हणून लाकूड पुसलं, तर डाव्या कानाच्या मुळाशी एक रेघ दिसली. नीट बघितलं तर तो कानच मूळचा नाही! तिरका काप घेऊन दुसऱ्या लाकडाचा तुकडा चिकटवलाय आणि आतून लाकडाची एक खुंटी मारलीय, काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड. लाकडाचे रेषे इतके जुळवून घेतलेत की सहा वर्षं मला पत्ताच नाही. वरून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही.

फोटो चढवलाय. काका, हे काय आहे?

---

निवृत्त_आर्मोरर_कोरेगाव

'जरासं' वळवलं म्हणे. ठीक आहे, कान तुटल्याशिवाय कोणी .३०३ शिकत नाही.

फोटो चार वेळा मोठा करून बघितला. ते आर्मोररचं काम आहे, बाजारातलं नाही. नवीन हँडगार्ड मागवायचं म्हणजे मागणीपत्र, सही, वाट बघणं. तेवढ्यात इन्स्पेक्शन येतं. मग भंगारातल्या हँडगार्डचा कान कापायचा, तिरका जोड घ्यायचा म्हणजे सरसाला धरायला जागा जास्त मिळते, आणि खुंटी मारायची. खुंटी लाकडाचीच, खिळा नाही, कारण खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं आणि पुढं सुटतं. मला रेषे जुळवायला उस्तादांनी हेच शिकवलं होतं, की तुकडा कापायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचा, मग रेषे उठून दिसतात. ज्यानं हे केलंय त्याला घाई नव्हती, किंवा घाई असूनही त्यानं केली नाही.

तुमच्या उजव्या कानाचं सांगतो. तुकडा स्वच्छ तुटला असेल तर दोन भागांचं इपॉक्सी घ्या, तुटलेल्या कडा अजिबात घासू नका, आहेत तशाच एकमेकींत बसवा, रबरबँडनं बांधून एक दिवस ठेवा. पण रिवेट गेलंय आणि क्लिपही फाकलीय म्हणता, तर त्यावर रेंजवर जायला नको. रायफलवर दुसरं बसवा आणि हे जोडून, तेल लावून जपून ठेवा. फेकलंत तर मी ओहायोला येईन.

क्लिपबद्दल: थोडी फाकलेली असती तर चिमट्यानं हळूहळू आत घेता आली असती, गरम न करता. तापवलं की स्प्रिंगचा जीव जातो, मग ती नुसता पत्रा. पण रिवेट तुमच्या हातचं काम नाही. ठोकताना लाकूड फुटेल.

नवीन तुकडा आला की बसवायची युक्ती. बॅरलवर काजळीचा पातळ हात फिरवायचा, तुकडा दाबून बसवायचा, काढायचा. आत जिथं काळं उमटलं तिथंच लाकूड अडतंय. तेवढंच खरवडायचं, परत काजळी, परत बसवणं. दहा-बारा वेळा करावं लागतं. क्लिप सोडून लाकूड बॅरलला कुठंच टेकता कामा नये. शेवटी कागदी नोट घडी न घालता कडेनं आत सरकली पाहिजे. आणि पुढच्या तुकड्याला नवीन तुकड्याचं टोक रेटून बसवू नका, मध्ये केसाएवढी फट राहू द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते.

---

चंदगडचा_शेतकरी

मध्ये घुसतो, माफी. आमच्याकडे .३१५ ची रायफल आहे, पीक राखायच्या लायसन्सवर, वडिलांच्या वेळची. तीपण ईशापूरच्याच अंगाची असं ऐकलंय. तिचं पुढचं लाकूड हलतंय. निवडणुकीला जमा केली होती, परत आणल्यापासून जास्त. काका, हेच घरी करू का?

---

निवृत्त_आर्मोरर_कोरेगाव

नको. तुमचं लाकूड हलत असेल तर आधी ट्रिगर गार्डच्या पुढचा मोठा स्क्रू सैल झालाय का ते बघायला हवं, आणि तो नुसता आवळून भागलं नाही तर आत लाकूड दबलेलं असतं. तुमच्यासाठी सोपं म्हणजे लायसन्स बरोबर घेऊन लायसन्सवाल्या दुरुस्तीच्या दुकानात जा, पावती घ्या. गावातल्या सुताराकडे अजिबात ठेवू नका, अगदी चांगला सुतार असला तरी. हत्यार त्याच्याकडे सापडलं तर तोही अडकतो आणि तुम्हीही.

---

मेलबर्नचा_अण्णा

मिरजकर, तेलाचं विसरू नका. इंग्रजांच्या वेळेपासून या लाकडाला कच्चं जवसाचं तेल. तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात 'उकळलेलं' म्हणून मिळतं त्यात लवकर वाळायला भलतंसलतं घातलेलं असतं. ते वाईट नाही, पण जुन्या लाकडाचा तो मऊ लाल रंग कच्च्या तेलानंच येतो, असं माझं ठाम मत आहे. आणि वापरलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. गोष्ट नाही, खरं आहे. अंगणात एकेक पसरून वाळवा.

---

ओहायोतला_मिरजकर

दुसरा आणि शेवटचा अहवाल.

या वेळी वापरलेलं जुनं नंबर १ चं हँडगार्ड मिळालं, आतल्या फोटोसकट, क्लिप टणक. विकणाऱ्यानं स्वतःहून कान मोजून दाखवले. रंग माझ्यापेक्षा पिवळसर होता.

काजळी कुठून आणणार? कंदील नाही, स्टोव्ह नाही. बायकोच्या काजळाच्या डबीवर हल्ला केला. मस्त काम होतं, तेलकट असल्यानं पातळ हात फिरतो आणि ठसा अगदी स्पष्ट येतो. पहिल्यांदा बसवून काढलं तर आत दोनच ठिकाणी काळं, साइटच्या अगदी पुढं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. ते खरवडलं तर काळं दुसरीकडे. तेही खरवडलं तर तिसरीकडे. अकरा वेळा. नवव्या वेळी एक डॉलरची नोट अर्धी जाऊन अडली, अकराव्या वेळी सुळकन आरपार. डबी संपली. नवीन आणून द्यावी लागली, तो खर्चही या रायफलच्या खात्यावर.

जवसाचं तेल आरोग्यवाल्यांच्या दुकानात मिळालं, बाटलीवर 'सॅलडवर घाला' लिहिलेलं. आई फोनवर म्हणाली, इतकं महाग तेल लाकडाला लावतोस, चटणी तरी कर. एक आठवडा रोज रात्री बोटानं चोळलं, अर्ध्या तासानं पुसलं. पिवळसरपणा बराच गेला. बाकीच्या लाकडाशी जुळत नाही अजून, पण दोन-तीन वर्षांत जुळेल असं अण्णा म्हणतात. फडकी कुंपणावर वाळत घातली होती, शेजारच्या आजींनी विचारलं की रंग काढताय का घराला.

काल रेंजवर तीस राउंड. हँडगार्ड जागचं हललं नाही. गोळ्या कुठं लागल्या ते विचारू नका, त्याचा दोष लाकडावर घालता येणार नाही.

जुनं हँडगार्ड जोडलं. उजवा कान माझा, डावा त्या आर्मोररचा. दोन्ही शेजारी ठेवले की कुणाचं काम कुठलं हे आंधळ्यालाही सांगता येईल. माझा जोड दातांच्या फटीसारखा दिसतो. कपाटात काचेमागे ठेवलंय.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी आधी सिंह बघितले, मग म्हणाले, जरा हात मार बघू. मी सलामी शस्त्रसारखा हात मारला. बाबांनी फोन कानाजवळ नेला. परत मार म्हणाले. परत मारला.

"काय रे, हिचा आवाजच गेला की!"

---

निवृत्त_आर्मोरर_कोरेगाव

वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि पट्ट्याच्या स्क्रूचं मी वर जे लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवू नका.